हिरव्या दगडाचं गाव

रहिमतपूर,
४ मार्च २०२४

दादा,

फोन वाजतो, तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात, पुढं काही नाही. कामात असशील. म्हणून जुन्या पार्सलवरचा तुझ्या जर्मनीतल्या गोदामाचा पत्ता उतरवून घेतला आणि हे पत्र टाकतेय. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, उशीर होतो पण पोचतं.

काल दुकानात पुण्याचा एक माणूस आला. आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतला नव्हे. मांडलेल्या दगडांकडं त्यानं बघितलंही नाही, सरळ अब्बांना विचारलं, रंगूबाईंच्या विहिरीतला टॉर्बर्नाइट शिल्लक आहे का. अब्बांना तो शब्दच कळेना. त्यांनी आपलं खरं ते सांगितलं. त्या विहिरीतनं स्टिल्बाइटचे केशरी स्फटिक निघतात, कधी थोडं अपोफिलाइट, दुसरं काही नाही. तेव्हा त्यानं मोबाइल पुढं केला.

परदेशातल्या दगडवाल्यांच्या साइटवर फोटो होता. खाली फिकट केशरी स्टिल्बाइटचा गुच्छ, त्यावर पाचूसारखे हिरवेगार चौकोनी पत्रे. खाली मजकूर. टॉर्बर्नाइट, तांबं आणि युरेनियम असलेलं दुर्मीळ किरणोत्सर्गी खनिज. ठिकाण बिरोबामाळ, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली. शोधणारा म्हणून अब्बांचं नाव, शमशेर मुलाणी. विकणारा म्हणून तुझ्या कंपनीचं नाव.

मी त्या माणसाला म्हटलं, काहीतरी घोटाळा झालाय, आमचे दादा असं लिहिणार नाहीत. तो हसला आणि गेला.

घोटाळाच आहे ना? तुझ्याकडं काम करणारी ती पोरं आहेत, त्यांनी एकाचं नाव दुसऱ्याला लावलं असणार. पण एक गोष्ट मला उमजेना. दगड ज्या हातावर ठेवलाय त्याच्या अंगठ्याला वरचं पेर नाही. सुरुंगात गेलेला अब्बांचा अंगठा मी ओळखणार नाही होय? मग आठवलं, दिवाळीत तू आलास तेव्हा अब्बांच्या हातावर दगड ठेवून तूच फोटो काढले होतेस. पण ते हिरवं अपोफिलाइट होतं, जळगावकडचं. तूच सांगितलंस. त्यातला एक नमुना इथं ठेवूनही गेलास.

तो अजून काचेच्या कपाटात आहे, अब्बांच्या खुर्चीच्या मागं. तू बजावलं होतंस तसं त्याला ऊन लागू देत नाही, आणि हवा कोरडी पडून दगडाची चमक जाऊ नये म्हणून आत वाटीभर पाणी ठेवते. रोज बदलते.

तेवढं साइटवरचं नाव दुरुस्त करून टाक. रंगूबाईमावशींच्या कानावर गेलं तर त्या बिचाऱ्या घाबरतील.

पुढच्या आठवड्यात रोजे सुरू होतायत. अब्बा मजेत आहेत. खोकला आहे, तो नेहमीचाच.

तुझी,
अर्फा


रहिमतपूर,
२० मार्च २०२४

दादा,

नाव दुरुस्त झालं नाही. मी रोज बघते.

त्या पुण्याच्या माणसानं की आणखी कुणी, माहीत नाही, तो फोटो मराठीत उतरवून पुढं ढकलला. मग एका मोबाइल चॅनेलवाल्यानं बिरोबामाळावर जाऊन रंगूबाईमावशींच्या विहिरीच्या कठड्यावर उभं राहून व्हिडिओ केला. 'सांगलीच्या विहिरीत युरेनियम!' तू बघितला असशील. बघितला नसशील तर बघ. मागं मावशी घागर घेऊन उभ्या आहेत आणि हा बाबा त्यांना विचारतोय, आजी, तुम्ही किती वर्षं हे पाणी पिताय, घरात कुणाला कॅन्सर आहे का.

दोन दिवसांत सरकारी माणसं येऊन पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेली. तपासणीचं कळेपर्यंत पाणी प्यायचं नाही असं सांगून मोटारीची वायर सोडून ठेवली. त्यांचं तरी काय चुकलं, युरेनियम म्हटल्यावर कोण जबाबदारी घेईल. त्या वस्तीला तेवढी एकच विहीर मार्चमध्ये पाणी धरते हे तुला माहीत आहे. आता टँकर येतो. शेजारच्या वस्तीतल्या बायकांनी मावशींच्या सुनेला आपल्या हौदावर भांडं बुडवू दिलं नाही. म्हणाल्या, तुमच्या भांड्याला लागलेलं असंल.

हे मला ज्ञानूनं फोनवर सांगितलं. ज्ञानू मावशींचा मुलगा, तुझ्याच वयाचा, तुम्ही दोघं विहिरीत पोहायचात. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "अर्फाताई, शमशेरचाच्यांनी आमच्याच हिरीचं नाव का दिलं?"

मी म्हटलं, दिलं नाही. तो म्हणाला, "मग हात कुणाचा हाय त्यो?"

म्हणून साताऱ्याला शिवांजलीला फोन केला. कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी, आता तिथंच भूगर्भशास्त्र शिकवते. ती रविवारी आली, हातात डबीएवढं यंत्र घेऊन. दुकानाच्या दारात ते मधूनच एखादा टक् करत होतं. अब्बांच्या खुर्चीकडं येताना टकटक वाढली. काचेच्या कपाटाजवळ धरलं आणि नुसता तडतडाट, कढईत मोहरी टाकल्यासारखा.

अब्बा खुर्चीतच बसले होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय ते?"

शिवांजलीनं आधी त्यांना उठवून बाहेर ओट्यावर बसवलं. खिडक्या उघडल्या. मग हातमोजे घालून दगड टेबलावर घेतला. अभ्रकासारखे याचे पापुद्रे निघतात, ती म्हणाली, इतका मऊ की नख लावलं तरी चरा पडतो, म्हणून फडक्यानं पुसायचा नाही, भुगा श्वासात जाता कामा नये. मी दर शुक्रवारी पुसत होते, दादा. फडक्याला हिरवी चमकी लागायची, मला गंमत वाटायची. याच्यातलं युरेनियम हळूहळू झिजत असतं आणि त्यातनं वायू सुटतो. बंद कपाटात तो साठतो, आणि कपाट उघडलं की तोंडावर येतो. वाटीतलं पाणी बदलायला मी ते रोज उघडत होते.

ती वाटी बघून शिवांजलीनं विचारलं, हे कशाला? मी सांगितलं. तिनं वाटी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, याच्या अंगात पाणी असतं. कोरड्या हवेत ते उडून जातं, दगड फिका पडतो, तडकतो, आणि परत पाण्यात घातला तरी पहिल्यासारखा होत नाही. हे ज्याला माहीत आहे त्याला बाकीचंही माहीत असणार, अर्फा.

दगड सुकू नये याची तुला काळजी होती. त्याच्याकडं पाठ करून दिवसभर बसणाऱ्या माणसाची नव्हती.

तरी मी म्हटलं, कदाचित तो खरंच विहिरीतला असेल, दादालाही कळलं नसेल. शिवांजली म्हणाली, आपल्याकडच्या काळ्या पाषाणात हा जन्माला येत नाही, त्याला युरेनियमची खाण लागते. मग तिनं मागच्या खोलीत पडदे ओढून जांभळ्या उजेडाचा दिवा लावला. मला वाटलं आता हिरवं चमकेल. तो काळाच राहिला. याच्यातलं तांबं उजेड गिळतं, ती म्हणाली. चमकली ती हिरव्या पत्र्यांच्या खाली, स्टिल्बाइटवर पसरलेली निळसर पांढरी रेघ.

डिंक होता तो. दोन नळ्या मिसळून लावायचा असतो तसला.

खालचं स्टिल्बाइट मात्र खरं आहे. मावशींच्याच विहिरीतलं. तू जर्मनीला निघालास तेव्हा अब्बांनी स्वतः काढून तुला दिलेल्यातलंच असणार. असला फिकट केशरी दुसरीकडं मिळत नाही हे अब्बांनीच तुला शिकवलं.

शिवांजलीनं सरकारकडं रीतसर कळवलं. माणसं आली आणि शिशाच्या पेटीत घालून दगड घेऊन गेली. अब्बांना काही होणार आहे का, मी तिला विचारलं. एवढ्या लहान तुकड्यानं सहसा नाही, तिनं सांगितलं, आणि खोकला तर जन्मभर दगड फोडल्याचा आहे, तो याच्यावर ढकलता येणार नाही. मी छाती तपासून घेतली, तसं नवीन काही नाही. हे तुला मुद्दाम सांगतेय. तुझ्यावर जे नाही ते मी लादणार नाही.

पण तू सांगितलं का नाहीस? मी त्या दिवशीच विचारलं होतं, हातमोजे कशाला घातलेस. तू म्हणालास, हाताचा घाम दगडाला लागू नये म्हणून. आणि मग तोच दगड अब्बांच्या उघड्या हातावर ठेवलास.

फोन कर. अजून मी अब्बांना डिंकाचं सांगितलेलं नाही.

अर्फा


रहिमतपूर,
१२ एप्रिल २०२४

इंद्रजित,

ईदच्या दिवशी तू फोन केलास. मला वाटलं मुबारक म्हणायला केलास. आधी तेच म्हणालास, अम्मीच्या शीरखुर्म्याची आठवण काढलीस. ती गेल्यापासून तो मी करते आणि तो तिच्यासारखा होत नाही हेही म्हणालास. मग बोलता बोलता सगळं सांगितलंस, जणू एखाद्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतोयस.

तू जे बोललास ते मी इथं लिहून ठेवतेय, कारण उद्या तू म्हणशील मी असं म्हणालोच नव्हतो.

हिरवे पत्रे आफ्रिकेतले. तिकडचा माल बाजारात पुष्कळ, त्याला कुणी विचारत नाही. तू म्हणालास, "दगडाला गाव लागतं, अर्फा. नव्या गावाचा दगड असला तरच माणसं वेडी होतात." आणि नवं गाव खरं वाटायला खरा माणूस लागतो. जगात कुठंही शमशेर मुलाणीचं नाव सांगितलं की दगडवाले नमुन्यासोबतची चिठ्ठीसुद्धा तपासत नाहीत, म्हणून तू ते नाव लावलंस. हे तू असं सांगितलंस की जणू अब्बांचा मान केलास.

मी विहिरीबद्दल विचारलं. तू म्हणालास, पाण्याचा रिपोर्ट चांगलाच येणार, आहेच काय त्यात. चार महिने गेले की लोक विसरतील.

मी विचारलं, अब्बांच्या पाठीमागं का ठेवलास. तू म्हणालास, कुणी खात्री करायला आलाच तर दुकानात एक नमुना दिसायला हवा होता. मग आवाज खाली आणून म्हणालास की एवढ्याशा दगडानं काही होत नसतं, शिवांजलीसुद्धा तेच म्हणाली ना.

तू घाबरला असतास, माफी मागितली असतीस, रडला असतास, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. मी तुझी बाजू घ्यायला तयार बसले होते. तू मात्र मला धंदा समजावलास. म्हणालास, तू तोंड उघडलंस तर माझं नुकसान होईलच, पण मी दुसऱ्या नावानं उभा राहीन. तुमचं दुकान संपेल. एक दगड खोटा निघाला की अब्बांनी आजवर दिलेला प्रत्येक दगड लोक दिव्याखाली धरतील.

हे मात्र तू खरं बोललास.

अब्बा शेजारच्या खोलीत नमाज पढून बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. मी मुद्दाम ठेवला नव्हता. शीरखुर्म्याच्या वाट्या भरताना हात रिकामे नव्हते म्हणून ठेवला होता. तू फोन ठेवलास तेव्हा ते दारात उभे होते.

मला वाटलं चिडतील. ते येऊन पाटावर बसले आणि विचारलं, "त्याला पैशाची अडचण होती का गं?" मी म्हटलं, नाही अब्बा, जर्मनीत घर घेतलंय त्यानं. "मग आजारी हाय का?" मी म्हटलं, नाही. आणखी काही कारण सापडतंय का ते शोधत बसले. सापडेना तेव्हा वाटी सरकवून उठले.

तेव्हापासून दुकान उघडलेलं नाही.

तू इस्लामपुरातनं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी म्हणून आलास तेव्हा मी शाळेत होते. आठ दिवसांसाठी आलेला मुलगा पाच वर्षं राहिला. विहिरीच्या भिंतीवर हातोडी ठोकून, आवाज ऐकून आत गारेची पोकळी आहे की नाही हे ओळखायला अब्बांनी तुला शिकवलं. मला शिकवलं नाही. पोरीच्या जातीला विहिरीत कशाला उतरवायचं, असं म्हणायचे. मी काठावर बसून तुमच्या दोघांचा डबा राखायचे, आणि राखीच्या दिवशी तुलाच राखी बांधायचे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आता वाटतं.

अर्फा


रहिमतपूर,
६ मे २०२४

इंद्रजित,

पाण्याचा रिपोर्ट आला. तू म्हणालास तसाच, स्वच्छ. मोटारीची वायर परत जोडली.

आणि काहीही बदललं नाही. वस्तीवरची माणसं म्हणतात, रिपोर्ट काय, सरकार दाबतंय, परदेशातली माणसं काय येडी हायत का. त्या साइटवर फोटो तसाच आहे ना. ज्ञानूच्या डाळिंबाचा व्यापारी गाडी घेऊन बांधापर्यंत आला आणि कुठल्या विहिरीचं पाणी हे कळल्यावर गाडी वळवून गेला. शेळ्यांचं दूध डेअरीवर कुणी घेईना. मावशी ते दूध करडांना पाजतात आणि उरलेलं बांधावर ओततात.

मी बिरोबामाळावर गेले होते. वडूज-मायणीवरून एसटीनं, मग ज्ञानूच्या गाडीवर. मावशींनी चहा केला. चहा टँकरच्या पाण्याचा होता. त्या म्हणाल्या, "तुला आमच्या हिरीचं चालायचं न्हाई म्हणून टँकरचं घातलंय." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

परत येऊन अब्बांना म्हटलं, साइटवाल्यांना मी सगळं लिहिणार आहे. डिंकाचे फोटो शिवांजलीकडं आहेत. आपल्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांनाही लिहिणार. दुकान जाईल. अब्बा म्हणाले, "ते तू लिव्ह. मला माळावर घिऊन चल. तिथली माणसं साइट वाचत न्हाईत."

काल गेलो. शिवांजली होती. बिरोबाच्या देवळापुढं माणसं जमली. शिवांजलीनं आधी यंत्र देवळाच्या काळ्या पायरीवर धरलं, मग विहिरीच्या कठड्यावर, मग पोहऱ्यातल्या पाण्याशी. सगळीकडं तोच सुस्त टक्, टक्. ज्याला हवं त्याच्या हातात दिलं. मग डिंकाचे फोटो दाखवले आणि हा दगड या मातीत का होऊ शकत नाही ते साध्या भाषेत सांगितलं. लोक ऐकत होते पण नजर अब्बांवर होती.

अब्बा उभे राहिले. हात वर केला, तोच, अंगठा तुटलेला. म्हणाले, "फोटोतला हात माझाच हाय. दगूड माझ्या दुकानात हुता. पर त्यो या हिरीतला न्हाई. कुणीतरी चिकटवला, माझ्या नावानं इकला. हिरीचा काय बी दोष न्हाई. दोष माझ्या घरातला."

मागनं कुणीतरी विचारलं, "घरातल्या कुणी चिकटवला?"

अब्बांनी हात खाली घेतला.

परत विचारलं. ते खाली बघत राहिले. आणि मग हळूहळू सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली, इंद्रजित. मुलाण्याच्या घरात दुसरं आहे कोण? दुकान चालवणारी, कॉलेज शिकलेली, परदेशी पार्सलं पाठवणारी पोरगी. ज्ञानूसुद्धा बघत होता. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

अब्बांच्या हे लक्षात आलं नसेल असं मी स्वतःला सांगते. पण त्या घटकेला जे तुटलं ते तुझ्यामुळं तुटलं नाही. तुझं नाव घेणं त्यांना इतकं जड होतं की त्यांनी मला उघड्यावर सोडलं.

मी उभी राहिले. म्हटलं, "मी नव्हे. इंद्रजितनं केलं."

मग रंगूबाईमावशी म्हणाल्या, "कंचा इंद्रजित? आपला इंद्रा?"

मी हो म्हटलं.

"तापानं फणफणला हुता तवा माझ्या मांडीवर डोकं ठिवून झोपलेला इंद्रा?"

मी परत हो म्हटलं. त्या ज्ञानूकडं बघायला लागल्या, जणू ज्ञानू म्हणेल की हे खोटं आहे. मग मावशी उठल्या, विहिरीवर गेल्या, पोहरा सोडला. वर ओढला आणि तिथंच उभ्या उभ्या ओंजळीनं प्याल्या. कुणाला दाखवायला नाही. गेले दोन महिने आपल्याच विहिरीचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं त्यांनी. चेहरा धुतला, मान धुतली. डोळ्यांतलं पाणी आहे की पोहऱ्यातलं, कळत नव्हतं.

सगळ्यांनी विश्वास ठेवला असं नाही. दोन-चार जण अजून म्हणतात, मुलाणी आणि ती मास्तरीण मिळालेत. पण संध्याकाळी निघताना बायका घागरी घेऊन येताना दिसल्या.

एसटीत अब्बा आणि मी एका बाकावर बसून रहिमतपूरपर्यंत आलो. घरी आल्यावर त्यांनी स्वतः चहा केला आणि मला आणून दिला. जन्मात पहिल्यांदा.

अर्फा


रहिमतपूर,
९ जून २०२४

इंद्रजित,

साइटवाल्यांनी फोटो काढून टाकला, आणि त्या जागी लिहिलं की ठिकाण खोटं ठरलंय. सोबत बिरोबामाळाच्या बाकी सगळ्या नमुन्यांपुढंही शंकेची खूण घातली. तुझ्या कंपनीचं नाव तिथं आता दिसत नाही. नव्या नावानं उभा राहिला असशील.

तू सांगितलंस तसं आमचं झालं. जुन्या गिऱ्हाइकांतल्या दोघांनी चांगली पत्रं लिहिली. बाकीच्यांनी लिहिलंच नाही, किंवा नमुने परत पाठवतो म्हणाले. दुकानाची जागा आता बांगड्यांच्या दुकानाला दिली. मी साताऱ्याला शिवांजलीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत लागलेय. मुलांना दगड ओळखायला शिकवायचे नमुने मांडते. अब्बा घरी असतात.

हे कळवायला पत्र लिहिलं नसतं. लिहायचं कारण वेगळं आहे.

गेल्या आठवड्यात रंगूबाईमावशींनी विहीर खोल करायला काढली. वस्तीनं मिळून काढली, हे विशेष. पाऊस पडायच्या आत व्हायला हवं म्हणून रोज यारी चालू होती, दगड वर ओढायची ती मोठी लोखंडी यारी, तुला आठवत असेल. बुधवारी ज्ञानूचा फोन आला. म्हणाला, चाच्यांना घेऊन या, भिंतीत काहीतरी लागलंय, आम्ही हात लावला नाही.

मी नको म्हणत होते. खोकल्यात विहिरीत उतरायचं म्हणजे काय. अब्बांनी चपला घातल्या होत्या. तिथं यारीच्या पाटीत बसून ते उतरले, आणि तळातनं मला हाक मारली, तू पण ये. ज्ञानूनं मला दुसऱ्या फेरीत सोडलं.

तळाशी पायाला गार चिखल लागला. भिंतीला माणूस वाकून आत शिरेल एवढी पोकळी होती. ज्ञानूनं आत टॉर्च धरला.

हिरवं अपोफिलाइट. खरं. केशरी स्टिल्बाइटवर, मुठीएवढे चौकोनी स्फटिक, हिरवे, आतपर्यंत आरपार दिसणारे, टोकाशी पाण्यासारखे पांढरे. एक नाही, पोकळीभर. उजेड हलला की सगळी भिंत हलायची. एवढी वर्षं दुकानात बसले, हजारो दगड बघितले, असलं काही बघितलं नव्हतं. अब्बांनीही नव्हतं. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि खोकला येईपर्यंत बघत राहिले.

मला एकच गोष्ट सुचली, आणि सुचल्याबद्दल स्वतःचा राग आला. हे जगाला दाखवायचं कसं? बिरोबामाळाचा हिरवा दगड म्हटलं की आता सगळे हसतील. दिवा लावून डिंक शोधतील. डिंक सापडला नाही तरी म्हणतील, दुसरीकडनं आणला असेल. या विहिरीनं जन्मभर अंधारात जे जपलं त्याला गाव असूनही ते सांगायची सोय राहिली नाही.

ज्ञानूनं विचारलं, "चाचा, काढायचं का?"

अब्बांनी मान हलवली. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. फुडनं वळवा खणती." मग हात फिरवून एका स्फटिकावरची माती पुसली, आणि पाटीत बसताना, माझ्याकडं न बघता म्हणाले, "इंद्राला दाखवाय पायजे हुतं."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

वर आलो तेव्हा मावशींनी भाकरी बांधून ठेवल्या होत्या. वाटेत अब्बांनी विचारलं, त्याला कळवशील का गं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. काल परत.

कळवलं.

अर्फा शमशेर मुलाणी